नारखेडे बाईंचा कागद

नारखेडे बाई दर आठवड्याला, बाजाराच्या दिवशी, दुपारी साडेबाराला मोताळ्याच्या आमच्या नगरपंचायतीत येत आणि आपला कागद जागेवर आहे की नाही ते पाहून जात. हातात रिकामी पिशवी असे. भाजी नंतर, कागद आधी. आत कधी यायच्या नाहीत. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीशी उभ्या राहून विचारायच्या, "सतरा, हाय का?" मी उठून लोखंडी कपाट उघडायचो आणि निळी फाइल वर करून दाखवायचो. बाई मान हलवायच्या, आमच्या गुलाबराव शिपायानं खिडकीत ठेवलेलं पाणी प्यायच्या आणि निघायच्या.

सतरा हा माझा आठवीतला हजेरीचा नंबर. माझं आडनाव सुरडकर, नोकरीला बावीस वर्षं झाली, डोक्यावर केस मोजके उरले. पण बाईंच्या लेखी मी सतराच राहिलो. सगळ्या विद्यार्थ्यांना त्या नंबरानंच ओळखत. नाव विसरलं तरी नंबर विसरत नसत.

या नंबरांची एक गोष्ट आमच्या वर्गातल्या कोणीच विसरलेलं नाही. तेवीस नंबरचा दिलीप धरणावर पोहायला गेला आणि परत आला नाही. पुढच्या सोमवारी बाईंनी हजेरी घेतली. "बावीस." हजर बाई. "तेवीस." वर्ग गप्प. ‘हजर’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बाई थांबल्या, मग म्हणाल्या, "चोवीस." हे रोज चाललं. मुलांनी घरी सांगितलं, घरच्यांनी मुख्याध्यापकांना. ते नाव खोडा म्हणाले. बाई म्हणाल्या, "नाव वर्षाचं लिहेल हाय सर, वर्ष होऊ द्या." आम्हालाही सवय झाली. मग हिवाळ्यातल्या एका दुपारी त्यांनी "तेवीस" म्हटलं आणि थांबल्याच नाहीत. लगेच मान हलवून हजेरीची खूण केली आणि पुढे गेल्या. सगळा वर्ग मागच्या बाकाकडे वळून बघायला लागला. बाकावर कोणी नव्हतं. बाईंना कोणी काही विचारलं नाही, मीही नाही. त्या बाकावर वर्ष संपेपर्यंत कोणी बसलं मात्र नाही.

शिकवायच्या इतिहास आणि नागरिकशास्त्र. नागरिकशास्त्र म्हणजे वीस मार्कांचा विषय, परीक्षेच्या आदल्या दिवशी वाचायचा. बाईंना हे मान्य नव्हतं. फळ्याच्या एका कोपऱ्यात त्यांनी राज्यघटनेतला एकविसावा अनुच्छेद लिहून ठेवला होता आणि तो कोणी पुसला तर पट्टी बसायची. त्या म्हणायच्या, "ओळ एवढीशी हाय. कायदा सोडून कोनाचा जीव घ्याचा नाई, इतलंच लिहेल हाय. पन जीव म्हनजे काय, जगनं म्हनजे काय, हे कोन सांगते? सर्वोच्च न्यायालय सांगते. ते म्हन्ते जगनं म्हनजे नुसता श्वास नाई. मग त्याच्यात इज्जत आली, पोटाले अन्न आलं, साफ हवा आली. ओळ तेवढीच राह्यली, आतलं घर वाढत गेलं." यातलं किती परीक्षेला येईल, एवढीच आम्हाला चिंता होती.

बाई निवृत्त झाल्या आणि दोन-तीन वर्षांत रामभाऊंना झटका आला. रामभाऊ म्हणजे बाईंचे यजमान. कापसाची शेती, मितभाषी माणूस, गावात कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांना मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेलं आणि श्वासाच्या मशीनवर ठेवलं. मुलगा अविनाश पुण्याहून आला. डॉक्टर रोज सकाळी त्याला बाजूला घेऊन सांगत की आता सुधारणा होण्यासारखं काही नाही, आणि अविनाश रोज सांगे, चालू ठेवा. अठ्ठावीस दिवस चालू राहिलं.

त्या दिवसांत घरी काय झालं ते बाईंनी मला पुढे बऱ्याच वर्षांनी सांगितलं. बाजारभाव सांगावा तशा आवाजात सांगितलं.

"नवव्या दिवशी मी कपडे घ्याले घरी आली. पाह्यते त हे ओट्यावर बसेल. पायात चप्पल नाई. म्या म्हटलं, आत काऊन नाई गेले? त म्हने, दार उघडत नाई. म्या कुलूप काढलं, दार सताड उघडलं. तरी बसेलच. म्हने, हे दार नाई."

बाई पुढे म्हणाल्या, "तिकडं दवाखान्यात छाती खालीवर होऊन राह्यली, आन इकडं मानूस ओट्यावर. एकोनीस दिवस."

"भ्या नाई वाटलं बाई?"

"नवऱ्याले काय भ्यायचं रे? ताटकळेल मानूस पाहून जीव तुटते, बस. तिकडून मशीन सोडत नाई, इकडं दार दिसत नाई. अविनाशले म्या सांगतलं नाई. तो म्हन्ला असता, आईचं डोकं फिरलं."

रामभाऊंच्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आलेला होता. बरं होण्याची आशा संपली की मशीनवर अडकवून न ठेवता माणसाला सन्मानानं जाऊ द्यावं, हाही त्याच एकविसाव्या अनुच्छेदातला हक्क आहे, आणि तसं शुद्धीवर असताना लिहून ठेवता येतं, असं घटनापीठानं म्हटलं होतं. पण त्या कागदाची वाट इतकी अवघड घातली होती की आमच्या भागात कोणी तिकडे फिरकलंच नाही. काही वर्षांनी न्यायालयानंच ती सोपी केली. मग बाईंनी दोन्ही निकाल झेरॉक्सवाल्याकडून छापून, बांधून आणले. सगळं इंग्रजी. शेजारी शब्दकोश घेऊन त्या वाचत बसायच्या.

एकदा घरपट्टीच्या कामानं मी त्यांच्या गल्लीत गेलो होतो. एप्रिलची दुपार, एक वाजलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही. बाई ओट्यावर बसून मोठ्यानं वाचत होत्या. एक वाक्य इंग्रजी, मग त्याचं मराठी. मध्येच थांबायच्या, समोरच्यानं काही विचारल्यासारख्या ऐकायच्या, मग म्हणायच्या, "नाई, मशीन काढनं म्हनजे मारनं नाई. सुई टोचून मारनं येगळं. हे आजाराले त्याच्या वाटेनं जाऊ देनं हाय. कोर्टानं तेवढा फरक केला." ओट्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीच नव्हतं. मी फाटकाशी उभा राहिलो. बाईंचं लक्ष गेलं. "ये सतरा, बस," त्या म्हणाल्या. मी बसायला वळलो, तर घाईनं म्हणाल्या, "तिकडं नको. इकडं बस."

मी इकडं बसलो. भीती लपवायला म्हणून वाद काढला. म्हटलं, "बाई, हे संसदेचं काम नाही का? लोकांनी निवडून दिलेली माणसं राहिली बाजूला, आणि पाच न्यायाधीश ठरवतात कोणी कसं मरायचं."

बाईंचा चेहरा एकदम वर्गातला झाला. "हा प्रश्न बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "मलेही त्याचं पूरं उत्तर येत नाई. कोर्टानं सांगतलं, संसद कायदा करीन तोपर्यंत आमचं म्हननं कायद्यासारखं पाळा. संसदेनं केला नाई. आता तेच चालू हाय. उद्या दुसरे न्यायाधीश तीच ओळ दुसऱ्या तऱ्हेनं वाचतीन, मग काय करशीन? भ्या त हायच. पन हे एकोनीस दिवस बसेल होते, तवा संसद कुठी होती?" आणि त्यांनी ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. मी पाहिलं नाही.

पुढे वरून पत्र आलं की प्रत्येक नगरपंचायतीनं असे कागद सांभाळायला एक माणूस नेमावा. दिल्लीत न्यायाधीशांनी एका ओळीचा अर्थ लावला आणि तो फिरत फिरत मोताळ्यात आमच्या मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर येऊन पडला. ते म्हणाले, "सुरडकर, जन्म-मृत्यू तुमच्याकडेच आहे, हेही तुम्हीच ठेवा." चौथ्या दिवशी बाई हजर. हातानं लिहिलेला चार पानांचा कागद, दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का, सगळं चोख. आपल्या वतीनं संमती कोणी द्यायची, तिथे एकच नाव होतं: अविनाश.

आता माझी अक्कल सांगतो. नवं रजिस्टर मागवायचं तर मागणीपत्र, मंजुरी, दोन महिने. म्हणून दुसऱ्या दिवशी मी मृत्यूच्या रजिस्टरच्या शेवटच्या पानावर ‘वैद्यकीय इच्छापत्रे’ असं लिहून खाली बाईंची नोंद केली. महिनाअखेरीस कंत्राटी ऑपरेटर बसला आणि रजिस्टरमधल्या सगळ्या ओळी त्यानं कॉम्प्युटरवर चढवल्या. मृत्यूची तारीख रिकामी दिसली, तर नोंदीची तारीख टाकून मोकळा झाला. बाईंचं मृत्यू प्रमाणपत्र तयार झालं. यादी आरोग्य खात्याकडे गेली आणि तिथली आशाताई चौकशीला बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली. विचारलं, "बाई कधी गेल्या?" बाई म्हणाल्या, "तारीख अजून नाई ठरली. बस, च्या घे."

त्या कार्यालयात आल्या तेव्हा मी लाजेनं अर्धा झालो होतो. त्यांनी प्रमाणपत्राची प्रत मागून घेतली, चष्मा पुसून वाचली. "या तारखेले मी काय करून राह्यली होती ते आठवून पाह्यलं," त्या म्हणाल्या. "ज्वारी निवडत होती. काहीच कळलं नाई, पाह्य."

मी लगेच दुरुस्तीचा अर्ज पुढे केला. बाईंनी तो बाजूला सारला. "आठ दिवस राहू दे. मले पाहू दे."

काय पाहायचं होतं देव जाणे. त्या आठ दिवसांत रोज भर दुपारी त्या पेठेतून जायच्या, कोणी नमस्कार केला तर वळायच्या नाहीत. बोलता बोलता माणसं गप्प व्हायची. मीही एकदा त्यांना पाहून रस्ता ओलांडला. नवव्या दिवशी येऊन म्हणाल्या, "कर दुरुस्ती. मेल्यावर मानूस कोनाचा राह्यते ते पाह्याचं होतं. घरच्याचा नाई राह्यत, देवाचाही नाई. कागदाचा राह्यते. कागद म्हनीन ते खरं. आता तो कागद तुह्यापाशी हाय, सतरा." तेव्हापासून दर आठवड्याची ती खिडकी सुरू झाली.

आणखी एक गोष्ट त्यांना सांगायची हिंमत मला झाली नव्हती. कागद दिल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात अविनाशचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून तो म्हणाला, "सुरडकरकाका, सरकारी कपाटातून कागद गहाळ होतात ना? हा नाही का होऊ शकणार?" मी नाही म्हणालो नाही. "बघू," म्हणालो. हा शब्द मी नोकरीत हजार वेळा वापरलेला आहे. पुढे एका खेपेला बाई खिडकीतून म्हणाल्या, "अविनाशचा फोन आला असन तुले." मी रजिस्टर चाळायला लागलो. "येनारच. त्याच्यावर राग नाई. माह्यावर जीव हाय त्याचा, तेच त अडचन हाय."

गेल्या उन्हाळ्यातला बाजाराचा दिवस. साडेबारा वाजले. मी मान वर केली, बाई खिडकीत. पिशवी नव्हती. ‘हाय का’ म्हणाल्या नाहीत, नुसत्या कपाटाकडे बघत होत्या. मी उठलो, कपाट उघडलं, फाइल वर करून दाखवली आणि वळलो तर खिडकी रिकामी. गुलाबराव आला, भरलेला पेला उचलत म्हणाला, "बाई आज पान्याले थांबल्या नाई." एक वाजता बुलढाण्याच्या एका खासगी दवाखान्यातून फोन आला. डॉक्टर विचारत होते की कुसुम नारखेडे नावाच्या पेशंटचं इच्छापत्र तुमच्याकडे आहे का. मी म्हटलं, "आहे. बाई आत्ताच येऊन गेल्या." पलीकडून नाव पुन्हा विचारलं, मी तेच सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "त्या परवापासून इथे व्हेंटिलेटरवर आहेत. मेंदूत रक्तस्राव झालाय."

मी पाहिलं ते पाहिलं. गुलाबरावानंही पाहिलं.

डॉक्टरांची अडचण वेगळीच होती. शेजाऱ्यांनी बाईंच्या कागदांची पिशवी तशीच दवाखान्यात दिली होती आणि तिच्यात इच्छापत्राच्या प्रतीला लागून मृत्यू प्रमाणपत्र निघालं होतं. समोर श्वास घेणारा पेशंट आणि हातात त्याच्या मृत्यूचा जुना दाखला. असल्या कागदावर विसंबून डॉक्टरांचं मंडळ निर्णय कसा देणार? माझी चूक बाईंच्या वाटेत आडवी पडली होती. मुख्याधिकाऱ्यांची सही घेऊन, मूळ कागद आणि रजिस्टर बगलेत मारून मी मिळेल त्या बसनं बुलढाण्याला गेलो. लाल शाईनं रद्द केलेली नोंद दाखवली, चूक माझी आहे असं लेखी दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला चूक कबूल करताना बरं वाटलं. डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी पाहिलं, एकमत झालं, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवायचं पत्र तयार झालं. राहिली अविनाशची सही.

तो दोन दिवस बाहेरच्या बाकावर बसून होता. मीही रजा टाकून थांबलो. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "बाबांच्या वेळी मी अठ्ठावीस वेळा ‘चालू ठेवा’ म्हणालो, काका. आता एकदा ‘बंद करा’ म्हणायचंय, तेवढं जमत नाहीये."

मग मी त्याला ओट्याची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही, कळत नव्हतं, पण सांगितली. नववा दिवस, अनवाणी पाय, ‘हे दार नाई’. तो ऐकत राहिला. हसेल किंवा चिडेल, असं मला वाटलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"मलाही दिसले होते," तो म्हणाला. "मी एकदा दुपारी घरी आलो होतो, पैसे आणि चार्जर न्यायला. ओट्यावर कोणीतरी बसलेलं दिसलं, पाठमोरं. मला माहीत होतं कोण आहे ते. मी मागच्या दारानं आत गेलो आणि मागच्या दारानंच निघालो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सांगितलं, चालू ठेवा."

थोड्या वेळानं तो उठला आणि आत जाऊन सही केली.

पत्र न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पोचलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढली. मशीनचा आवाज थांबला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की थोडाच वेळ लागेल. पण बाई श्वास घेत राहिल्या. स्वतःच्या स्वतः. एक श्वास, मग मोठी फट, मग पुन्हा एक. पाव तास गेला, अर्धा गेला. अविनाश पांढराफटक पडला. माझा दंड धरून म्हणाला, "काका, ती घेतेय श्वास. आपण चुकलो. मी त्यांना सांगतो, परत लावा." तो दाराकडे निघालासुद्धा.

मी बाईंचा मूळ कागद उघडला. तो मी इतक्यांदा वाचला होता की पान शोधावं लागलं नाही. तिसऱ्या पानावर खाली, बाईंच्या फळ्यावरच्या अक्षरात, वकिलानं न सांगितलेलं एक कलम होतं. मी ते मोठ्यानं वाचलं: "नळी काढल्यावर मी काही वेळ श्वास घेत राहिले तर चि. अविनाश याने घाबरू नये. तेवढे काम माझे आहे. ते मला करू द्यावे. त्याने जवळ बसावे."

अविनाश परत फिरला. स्टूल ओढून बसला, आईचा हात हातात घेतला. मी पायथ्याशी उभा राहिलो. तो मोठ्यानं रडत होता, मीही रडत होतो, आणि बाई आपलं काम करत होत्या. शेवटची फट कोणती, ते आम्हाला कळलं नाही. पुढच्या श्वासाची वाट पाहत आम्ही बराच वेळ तसेच होतो.

नर्स येऊन बघून गेली. बाईंच्या दोन्ही गालांवर नळीच्या चिकटपट्टीचे लाल वळ उठले होते. अविनाश अंगठ्यानं ते हळूहळू चोळत राहिला. जिवंत माणसाच्या गालावरचे असले वळ थोड्या वेळात जातात. आम्ही बघत होतो, ते तसेच राहिले.